ट्राउटसाठीची ड्राय फ्लाय बास माशाला वापरताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या भुसावळच्या कार्यशाळेतून हाताने बांधलेल्या ड्राय फ्लाय (हुकावर पिसे बांधून केलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या माश्या) नेणाऱ्या ग्राहकांपैकी बऱ्याच जणांची मुले, पुतणे किंवा भाचे नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात, आणि सुटी संपवून परत जाताना तेही एखादी डबी सोबत नेतात. तिकडे घराजवळच्या तळ्यात ट्राउट नसतो, लार्जमाउथ बास असतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या फोनवर एक छायाचित्र येते : तळहातावर ठेवलेली फ्लाय, पिसे शाबूत, गाठ शाबूत, आणि हुकाचा बाक उघडून त्याचा जवळजवळ खिळा झालेला. खाली प्रश्न असतो, “तुमचे हुक कच्चे आहेत का?” प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यात आमची संध्याकाळ जाते, म्हणून हे पत्रक छापले आहे.

हुक कच्चा नसतो, तो मुद्दाम बारीक तारेचा घेतलेला असतो. ड्राय फ्लाय पाण्यावर राहते ती कोंबड्याच्या मानेच्या ताठ पिसांमुळे. ही पिसे पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून वरचे वजन तोलून धरतात. चौदा नंबरच्या फ्लायवर (हुकाचा नंबर जितका मोठा, तितका हुक लहान) पिसांचे दोन-चार वेढेच बसतात, आणि तेवढ्या आधारावर जाड तारेचा हुक पेलत नाही. अशा हुकाला जोडीला पाच-एक्सची टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, धरलेली असते. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांश भागात जाडी मिळते, म्हणजे पाच-एक्सची दोरी ०.००६ इंचाची, सुमारे ०.१५ मिलिमीटर. ही दोरी ताण वाढला की हुक उघडण्याआधी तुटते. दोरी आणि हुक असे एकमेकांच्या मापाने निवडलेले असतात.

नेमकी चूक येथे होते. बास जोरकस मासा असल्याने पहिल्या दिवशी बारीक दोरी तुटते. ग्राहक वैतागतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चौदा नंबरची फ्लाय बासच्या ताठ रॉडला, आठ-दहा किलो ताण सोसणाऱ्या जाड दोरीला बांधतो. आता दोरी तुटायची राहिली, त्यामुळे सगळा ताण तारेवर येतो आणि हुक उघडतो. शिवाय जाड दोरीचा पीळ आणि ताठरपणा एवढ्या हलक्या फ्लायला सरळ बसू देत नाही. ती एका कुशीवर कलंडते, पिसे भिजतात आणि ती बुडते. म्हणजे एकाच चुकीतून दोन तक्रारी तयार होतात, आणि दोन्ही आमच्याकडे येतात.

यावर “तीच फ्लाय जाड हुकावर बांधून द्या” अशी मागणी वारंवार होते. ती आम्ही नाकारतो, आणि त्याबद्दल काही ग्राहक नाराजही आहेत. पैसे घेऊन तसे बांधून देणे आम्हाला सोपे आहे, परंतु ती फ्लाय पहिल्या चार फेकींतच तळाला जाईल आणि बोल पुन्हा आम्हालाच लागेल. जाड हुक हवा असेल तर फ्लायच मोठी करावी लागते. म्हणून बाससाठी आम्ही सहा आणि आठ नंबरच्या, मध्यम जाड तारेच्या हुकावर फोमच्या अंगाचा नाकतोडा बांधतो. त्याला रबराचे पाय असतात आणि पाठीवर पिवळ्या फोमचा बारीक ठिपका असतो, जेणेकरून तिन्हीसांजेलाही तो आपल्याला दिसावा. फोम पाणी पीत नसल्याने जाड तारेचे वजन त्याला झेपते. याला दोन-एक्स, फार तर तीन-एक्सची टिपेट आणि सहा वजनाचा रॉड (हा आकडा रॉडच्या नव्हे, त्याला लागणाऱ्या फेकीच्या दोरीच्या वजनाचा क्रमांक असतो) पुरेसा होतो. नवीन ग्राहकाने बाससाठी प्रथम हाच न्यावा, असे आम्ही सुचवतो. तो ट्राउटच्या फ्लायपेक्षा महाग पडतो, हे खरे, पण टिकतोही जास्त.

याचा अर्थ लहान ड्राय फ्लायवर बास येतच नाही असा नाही. तळ्यावर संध्याकाळी बारीक किडे उतरतात, वारा पडलेला असतो, आणि काठापासून थोड्या अंतरावर शांत वर्तुळे उमटू लागतात, त्या वेळी हातभर नसलेला, वीतभर-दीड वीत लांबीचा बास बारा नंबरची अ‍ॅडम्ससुद्धा उचलतो. (ही फ्लाय १९२२ मध्ये मिशिगन राज्यात लेन हॅलडे यांनी ट्राउटसाठी बांधली; आम्ही ती कबऱ्या व तांबड्या कोंबड्याच्या पिसांची, करड्या धाग्याच्या अंगाची बांधतो.) मात्र तेव्हा दोरी चार-एक्सचीच हवी, रॉड लवचिक हवा, आणि फ्लाय पाणवनस्पतींच्या आत न टाकता त्यांच्या बाहेरच्या मोकळ्या पाण्यात टाकायला हवी. वनस्पतींच्या जाळ्यात शिरलेला बास बारीक दोरीने बाहेर ओढता येत नाही.

फेकल्यानंतरची रीतही बदलावी लागते. ट्राउट वाहत्या पाण्यात असतो, फ्लाय प्रवाहाबरोबर आपोआप वाहत येते आणि तिला अजिबात न ओढणे हेच तेथे कसब असते. तळ्यात प्रवाह नसतो. फ्लाय पडल्यावर उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत तिला हात लावू नये, बास बहुतेकदा खाली थांबून तिच्याकडे पाहत असतो. नंतर दोरी बोटभर ओढून तिला एकदाच हलवावे आणि पुन्हा थांबावे. आमचा अनुभव असा की, नवखा माणूस थांबण्यातच कमी पडतो.

बास तोंड एकदम उघडून भोवतालच्या पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. त्याचा आवाज झाला की माणूस दचकून रॉडला हिसका देतो, आणि फ्लाय तोंडात पुरती जाण्याआधीच बाहेर येते किंवा बारीक तारेवर सगळा झटका बसतो. फ्लाय दिसेनाशी होईपर्यंत थांबावे, सैल दोरी डाव्या हाताने ओढून घ्यावी, आणि दोरी ताठ झाल्यावर रॉड मनगटापुरता उचलावा. टोक धारदार असेल तर एवढ्याने हुक बसतो. धार पाहण्यासाठी टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावे. ते घसरले तर हुक बोथट आहे, रुतले तर चांगला आहे. बासच्या जबड्यावर पॉलिश पेपरसारखे खरखरीत दात असतात, त्यामुळे एक-दोन मासे लागल्यावर टिपेटचे शेवटचे वीतभर टोक बोटांत धरून पाहावे आणि खरखर लागल्यास तेवढे कापून नवी गाठ मारावी.

आता बुडण्याविषयी. “भाऊ, हाई माशी बुडी जास” असे सांगत एक गृहस्थ दुकानात आले, तेव्हा फ्लायला खोबरेल तेलाचा वास येत होता. तेल पाण्यावर तरंगते म्हणून फ्लायही तरंगेल हा त्यांचा हिशेब होता. परंतु तेलाने पिसांचे तंतू एकमेकांना चिकटतात, आणि आपल्याकडील पौषातल्या पहाटे तेच तेल थिजून फ्लायवर पांढरे लुकण बसते. फ्लाय कोरडी असतानाच सिलिकॉनची जेल मोहरीच्या दाण्याएवढी बोटांवर चोळून पिसांना लावावी. मासा सोडल्यावर चिकट बुळबुळ स्वच्छ पाण्यात धुऊन, फ्लाय सुती कापडात दाबून, फुंकर मारून वाळवावी. घरी आल्यावर पिसे चपटी झालेली दिसली तर चिमट्यात धरून चहाच्या किटलीच्या वाफेवर क्षणभर न्यावी, पिसे पुन्हा ताठ उभी राहतात. डबी मात्र गाडीच्या काचेमागे ठेवू नये. जळगाव-भुसावळच्या वैशाखात गाडीत विसरलेल्या एका डबीतील फोम आणि गोंद कसे एकजीव होतात, ते आम्ही दुकानात नमुन्यादाखल ठेवले आहे.

बासच्या मोठ्या फ्लाय परदेशात हरणाच्या पोकळ केसांच्या बांधतात आणि आमच्याकडेही त्यांची विचारणा होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे आपल्याकडील हरणांच्या केसांचा व्यापार आम्ही करत नाही, फोमचा पर्याय त्यासाठीच निवडला आहे. मोरपिसांच्या निर्यातीवर बंदी असल्याने परदेशी जाणाऱ्या डबीत मोरपीस वापरलेली एकही फ्लाय आम्ही भरत नाही. ग्राहकांनीही आग्रह करू नये. कोंबड्याची पिसे गावरान कोंबड्यांची असतात. विमानप्रवासात डबी चेक-इन सामानात ठेवावी, आणि अमेरिकेत मासेमारीचा परवाना ज्या त्या राज्याचा वेगळा घ्यावा लागतो, हे मुलांना आठवणीने सांगावे.

बास तापी-गिरणेत नाही. ज्यांना येथेच सराव करायचा आहे त्यांनी तोच फोमचा नाकतोडा मरळीसाठी वापरून पाहावा, कारण तीही उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाने दबा धरून बसते. तिचे दात अणकुचीदार असल्याने दोरीचे टोक अधिक जाड लागते आणि फ्लायच्या चिंध्या होतात, त्या बदलून मिळणार नाहीत. हतनूर असो वा वाघूर, धरणावर जाण्यापूर्वी तेथील मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घ्यावी.

गाठीपाशी सुटलेली किंवा पिसांचा वेढा उलगडलेली फ्लाय आम्ही विनातक्रार बदलून देतो. बाक उघडलेला हुक बदलून देत नाही. मागणी नोंदवताना मासा कोणता, पाणी वाहते की साचलेले, रॉड किती वजनाचा आणि टिपेट किती एक्सची, एवढे कळवावे, आणि शक्यतो लिहून कळवावे. फोनवर “माशांसाठी” आणि “माश्यांसाठी” यांत आमच्या मुलांची फार गल्लत होते.