तीस सेकंदांची सूट कायद्यात नाही

नाशिकच्या नव्या गायक-गीतकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो: ‘दुसऱ्याच्या गाण्याचा तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा आपल्या गाण्यात बिनधास्त वापरा.’ काही ॲपवर छोटेच तुकडे मिळतात, त्यावरून हा समज होणं साहजिक आहे. पण ते तुकडे त्या ॲपने परवाना घेऊन ठेवलेले असतात, तेही त्याच ॲपपुरते.

कॉपीराइट कायदा, 1957 उघडा. कलम 52 मध्ये खाजगी वापर, समीक्षा, वृत्तांकन अशा सवलती आहेत. सेकंदांचा आकडा कुठेच नाही. कलम 14 ‘महत्त्वाच्या भागा’बद्दल बोलतं, आणि धृपदाची पाच सेकंदांची ओळखीची सुरावटही महत्त्वाची ठरू शकते. ‘साभार’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

जुन्या गाण्याचं गणित नीट करा. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. गीतकार किंवा संगीतकार 1964 मध्ये गेला असेल, तर मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजून त्याचा हक्क 31 डिसेंबर 2024 ला संपला. रेकॉर्डिंगची साठ वर्षं मात्र प्रकाशनापासून. घोळ इथेच होतो: जात्यावरची पारंपरिक ओवी स्वतः गाऊन रेकॉर्ड करा, खुशाल; पण कुणी दहा वर्षांपूर्वी काढलेल्या रेकॉर्डिंगमधून ती कापून घेतली, तर परवानगी हवी, तीही लेखी.