ड्रायरच्या जाळीतली रुई

आमच्या धुळ्याच्या घरात कानबाईच्या आधीचा आठवडा म्हणजे धुण्याचा आठवडा. कानबाई ही आमची खान्देशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, त्याआधी घरातली चादर न् चादर, पडदा न् पडदा धुवून निघतो. आणि नेमकं तेव्हाच ऊन गायब असतं. मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, टाकलेली सतरंजी बघता बघता कडक वाळते. श्रावणात दोन दिवस दांडीवर राहिलेल्या साडीलाही कुबट वास येतो. म्हणून वहिनींनी दोन वर्षांपूर्वी ड्रायर घेतला. यंदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, मशीन बिघडलं वाटतं. आधी पाऊण तासात कपडे वाळायचे, आता दीड तास लागतो."

ही तक्रार ऐकली की मला मशीनची नाही, आगीची काळजी वाटते.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या शेजारच्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. तो कपडे गरगर फिरवून पाणी काढतो, त्यात हीटर नसतो. इथे मी बोलतोय ते गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या ड्रायरबद्दल.

वहिनींच्या ड्रायरच्या दारातली जाळी मी ओढून बाहेर काढली. तिच्यावर राखाडी-निळसर थर बसला होता, नमद्यासारखा दाट, बोटाच्या पेराएवढा जाड. आई शेजारीच कानबाईसाठी वाती वळत बसली होती. तिने तो थर चिमटीत धरला, जरा पिंजला आणि म्हणाली, "हाई तं रुईच शे."

आईचं म्हणणं शब्दशः खरं आहे. सुती कपडा ड्रममध्ये आपटत, घासत फिरतो तेव्हा त्याचे बारीक तंतू तुटतात. हे तूस म्हणजे आपल्या शेतातलाच कापूस, फक्त सूत आणि कापड होऊन पुन्हा सुटा झालेला. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. जाडी 15 मायक्रॉन धरून मी हिशेब केला: फक्त 10 ग्रॅम तुसातल्या सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग मिळून जवळपास पावणेदोन चौरस मीटर भरतो, म्हणजे एका खाटेएवढा. एवढ्या सगळ्या जागेवर हवेतला ऑक्सिजन एकाच वेळी भिडतो. त्यामुळे घडी घातलेली चादर सावकाश पेट घेते आणि पिंजलेलं तूस भक्कन जळून जातं. देवापुढची वात तेलात भिजवलेली असते म्हणून तासन्‌तास चालते. कोरडी वात काडी लावताच संपते, हे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे.

माझे वडील जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला होते. फाटकातून आत विडी-काडी न्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. आम्हा मुलांना वाटायचं, भीती कापसाच्या ढिगाची आहे. वडील सांगायचे, ढिगापेक्षा तुळयांवर आणि पट्ट्यांवर बसलेल्या तुसाची भीती जास्त. ठिणगी पडली की आग त्या तुसावरून धावते आणि ढिगापर्यंत पोचते. म्हणून रोज संध्याकाळी झाडलोट. ड्रायरच्या पोटात हेच घडतं, फक्त जागा लहान असते आणि तिथे हीटर असतो.

आता वेळ का वाढते ते पाहू. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. 2,000 वॉटचा हीटर ती द्यायला किमान 20 मिनिटं घेतो. पण उष्णता देऊन भागत नाही, झालेली वाफ वाहत्या हवेबरोबर बाहेर जावी लागते. जाळी आणि मागचा पाइप तुसाने भरला की हवा अडते. वाफ आतच राहते, कपडे ओले राहतात, आपण मशीन पुन्हा लावतो. तिकडे हीटरवरून जाणारा वाराही कमी झालेला असतो, त्यामुळे हीटरच्या आसपासचा भाग नेहमीपेक्षा जास्त तापतो. ड्रममधली हवा एरवी 60-70 अंशांची असते आणि कापूस साधारण 400 अंशांच्या आसपास पेटतो, म्हणून हे अंतर मोठं वाटतं. पण जाळीतून निसटलेलं तूस मशीनच्या आत हीटरजवळ साठतं, आणि हीटरची तार लाल होण्याइतकी तापलेली असते.

कपडे ओले असेपर्यंत एक संरक्षण असतं. आपला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथे चालतं: बाष्पीभवनात उष्णता खर्च होते, म्हणून कापड फार तापत नाही. पाणी संपलं की ते संरक्षणही संपतं आणि तापमान भराभर चढतं. म्हणूनच "अजून अर्धा तास असू दे" ही सवय वाईट.

अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतो. तिथल्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळासाठी अंदाज काढला, तेव्हा घरांमध्ये दरवर्षी सुमारे 2,900 आगी ड्रायरमुळे लागत होत्या. वर्षाला 5 मृत्यू आणि 100 जखमी. कारणांमध्ये सगळ्यात वर होतं, साफसफाई न करणं: 34 टक्के.

तेव्हा जाळी प्रत्येक वेळी साफ करायची, आठवड्यातून एकदा नव्हे. महिन्यातून एकदा ती नळाखाली धरा. पाणी जाळीवरच थांबलं तर कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर बसलाय असं समजा आणि साबण लावून मऊ ब्रशने घासा. धुणं-वाळवणं एकाच ड्रममध्ये करणाऱ्या मशीनमध्ये बरंच तूस पाण्याबरोबर जातं, म्हणून तिथे खालचा पंपाचा फिल्टर आणि दाराचं रबर पाहायचं. शिवाय अशा मशीनची वाळवायची क्षमता धुवायच्या क्षमतेपेक्षा कमी असते. आठ किलो धुतलं तर सगळं एकदम वाळवू नका.

तेलाच्या कपड्यांबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचंय. करडई, जवस, सरकी ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेतात आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. मालिशचा टॉवेल किंवा स्वयंपाकघरातलं तेलकट फडकं धुतलं तरी थोडं तेल तंतूंत उरतं. असे कपडे ड्रायरमधून गरमागरम काढून ढिगात ठेवले की आतली उष्णता बाहेर पडत नाही, ती क्रिया आणखी वेग घेते आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो, मशीन बंद असतानाही. असे कपडे दांडीवरच वाळवा, मग दोन दिवस लागले तरी चालतील.

मशीन शेवटची काही मिनिटं हीटर बंद करून गार हवा फिरवतं ते याचसाठी. तो टप्पा तोडू नका. आपल्याकडे तर मधेच वीज जाते, तेव्हा ड्रम, पंखा सगळंच थांबतं आणि गरम कपडे दाबून पडलेले राहतात. अशा वेळी बटण बंद करा आणि कपडे काढून मोकळे पसरा. पण धूर किंवा जळका वास असेल तर दार उघडू नका, उघडलं की हवा आत जाऊन भडका उडतो. मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, 101 ला फोन करा. मशीन चालू ठेवून बाजारात जाऊ नका, झोपू नका. आणि 2,000 वॉटचं मशीन पावणेनऊ अँपिअर ओढतं, त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

वहिनींची जाळी मी साफ केली तरी तिसऱ्या दिवशी वेळ तेवढाच लागत होता. मग भावाने आणि मी प्लग काढून मशीन भिंतीपासून ओढलं. मागचा वाकणारा प्लास्टिकचा पाइप चेपला होता, मधल्या झोळात पाणी साचून त्यात ओल्या तुसाचा गोळा झाला होता, आणि बाहेरच्या तोंडाशी चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या. घरटं अजून रिकामं होतं. आम्ही प्लास्टिकच्या जागी अॅल्युमिनियमचा सरळ, आखूड पाइप बसवला आणि तोंडाला झडप लावली. त्या संध्याकाळी कानबाईच्या चौरंगाखालची चादर पन्नास मिनिटांत वाळली.