वांशिक समानता आयोगावरील नेमणुका (ब्रिटन)

वर्ण, वंश किंवा राष्ट्रीयत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध काम करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने वांशिक समानता आयोग स्थापन केला. त्यावर कोणी बसावे हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्याला दिला होता आणि व्यवहारात तो गृहमंत्री वापरत असे. सदस्य किमान आठ, जास्तीत जास्त पंधरा. नेमणूक पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. एका खेपेची मुदत पाच वर्षांहून अधिक नसे, मात्र फेरनेमणूक होऊ शके. विनापरवानगी सलग सहा महिने बैठकांना न येणाऱ्या किंवा दिवाळखोर ठरलेल्या सदस्याला मंत्री पदावरून दूर करू शके. भेदभावाचा अनुभव किंवा अभ्यास असलाच पाहिजे, अशी अट मात्र कायद्यात नव्हती, आणि ही उणीव लहान म्हणता येत नाही.

अशा अनुभवाचे मोल काय, हे आयोगाच्या आधीच्या वंशसंबंध मंडळावरून दिसते. १९६५ च्या कायद्याने आलेल्या या मंडळावर अध्यक्ष धरून तिघेच होते, आणि त्यांतले एक होते त्रिनिदादचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन. १९४३ मध्ये लॉर्ड्सवरील सामन्यासाठी ते कुटुंबासह लंडनला आले. हॉटेलातील चार रात्रींची खोली आधीच ठरलेली होती, तरी काळे म्हणून त्यांना एकाच रात्रीनंतर निघायला सांगण्यात आले. त्यांनी दावा लावला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई मिळाली ती पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. वंशभेदाला मनाई करणारा कायदा तेव्हा नव्हताच; प्रवाशाला जागा देण्याच्या सराईवाल्याच्या जुन्या कर्तव्यावर निकाल लागला. दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे असा माणूस मंडळावर असला की कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

नेमणुकीतील खरी अडचण वेगळीच आहे. पोलीस आणि स्थलांतर-नियंत्रण ही खाती ज्या गृहमंत्र्याकडे, त्याच्याच सहीने आयुक्त, म्हणजे आयोगाचे सदस्य, नेमले जात, आणि त्या खात्यांची चौकशी करणे हे आयोगाच्या कामात मोडत असे. पहिले अध्यक्ष डेव्हिड लेन हे हुजूर पक्षाचे खासदार आणि गृहखात्याचे माजी कनिष्ठ मंत्री होते. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत आयोगाने स्थलांतर-नियंत्रणाची चौकशी हाती घेतली, तेव्हा गृहखाते न्यायालयात गेले. न्यायालयाने चौकशीला मुभा दिली आणि १९८५ मध्ये अहवाल बाहेर आला. मला यातून नेमणुकीचा कागद आणि माणसाचा कणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे दिसते. पण संस्थेचे स्वातंत्र्य माणसाच्या कण्यावर सोडणे ही व्यवस्था धोक्याची होय.

अध्यक्षपदी कृष्णवर्णीय व्यक्ती यायला १९९३ उजाडले. गयानात जन्मलेले हर्मन ऊसली त्या वर्षी नेमले गेले, आणि त्यांच्यानंतर २००० मध्ये पंजाबात जन्मलेले गुरबक्ष सिंग आले. मधल्या काळात, सार्वजनिक जीवनातील आचरणाचे निकष तपासणाऱ्या नोलन समितीच्या १९९५ च्या पहिल्या अहवालानंतर सार्वजनिक नेमणुकांवर देखरेख करणारा स्वतंत्र आयुक्त आला आणि गुणवत्तेवर, खुल्या स्पर्धेतून निवड करण्याचा दंडक पडला.

ऑक्टोबर २००७ मध्ये या आयोगाचे काम समानता व मानवाधिकार आयोगाकडे गेले. या नव्या आयोगावर १० ते १५ आयुक्त असावेत आणि नेमताना त्यांचे अनुभव व ज्ञान पाहावे, असे २००६ चा समानता कायदा सांगतो. मुदत दोन ते पाच वर्षांची. स्कॉटलंड आणि वेल्सची जाण असलेला प्रत्येकी एक आयुक्तही लागतो. निवड आजही मंत्र्याच्याच हाती आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला संसदीय समित्यांपुढे उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, परंतु समित्यांचे मत मंत्र्यावर बंधनकारक नाही.