एसएमपीएस गेलाय की मदरबोर्ड?

बटण दाबलं, पण पंखा नाही, दिवा नाही, बीपही नाही. जुना डेस्कटॉप असा ढिम्म झाला की बहुतेकदा एकच निदान कानावर येतं: ‘बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात ती मुख्य पाटी) गेला, आता नवीनच घ्या.’ बोर्ड जातो, नाही असं नाही. पण एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारा डबा, गेला तरी नेमकं हेच दिसतं, आणि दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. असेंबल्ड मशीनला बाजारातला साधा एटीएक्स (डेस्कटॉपच्या भागांचं प्रचलित मानक) एसएमपीएस बसतो. जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) नवा बोर्ड मात्र सहसा मिळत नाही, आणि बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर-रॅमही बदलणं आलं. निदान पक्कं होण्याआधी चांगलं मशीन भंगारात जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गल्लत होण्याचं कारण बटणात आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स आणलं. त्याआधीच्या एटी मशीनमध्ये पुढचं बटण थेट मेन्सची (भिंतीतून येणाऱ्या विजेची) लाइन तोडायचं-जोडायचं. एटीएक्समध्ये ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं, बस. मशीन बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट देत राहतो आणि बोर्डाचा एक छोटा भाग त्यावर जागा असतो. बटण दाबलं की हा भाग हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला ओढतो. तेव्हा कुठे एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो, आणि व्होल्टेज स्थिरावलं की राखाडी वायरीवरून बोर्डाला तसं कळवतो. या साखळीत कुठेही खंड पडला तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच.

म्हणून अंदाज नको, मल्टिमीटर घ्या. त्याआधी भिंतीवरचं सॉकेट, पॉवर कॉर्ड आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच पाहून घ्या. जुन्या एसएमपीएसला ११५/२३० अशी सरकवायची लाल पट्टी असते, ती आपल्याकडे २३० वरच हवी.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एसएमपीएसचा मोठा कनेक्टर बोर्डातच राहू द्या आणि मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथे, काळा प्रोब काळ्या वायरीत व लाल प्रोब जांभळ्या वायरीत घाला. ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आकडा आला तर ही पायरी ठीक. काहीच आलं नाही तर लगेच एसएमपीएसवर ठपका ठेवू नका. मेन्स बंद करून कनेक्टर काढा, मेन्स पुन्हा चालू करा आणि मोजा. आता ५ व्होल्ट परत आले तर बोर्डच ती लाइन शॉर्ट करतोय. तरीही नाही आले तर एसएमपीएस गेला.

जांभळी ठीक असेल तर कनेक्टर बोर्डात ठेवून हिरवी बघा. बटण न दाबता तिथे सहसा ३ ते ५ व्होल्ट असतात आणि दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. आले, आणि तरी पंखा जागचा हलला नाही, तर संशय एसएमपीएसवर. आलेच नाहीत तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवा. मशीन सुरू झालं तर फक्त कॅबिनेटचं बटण खराब आहे. नाही झालं तर दोष बोर्डाकडे.

कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी-काळी वायर क्लिपने जोडायची आणि एसएमपीएस एकटाच सुरू करून पाहायचा, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते, पण ‘पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस ओके’ हे मला पटत नाही. लोड, म्हणजे वीज खेचणारं काही जोडलेलं, नसताना कमजोर एसएमपीएसही पंखा फिरवतो. एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि मग मोजा: पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७.

दोघांच्या काही खास खुणाही आहेत. मशीन रोज ठीक चालतं, पण दिवसभराच्या लोडशेडिंगनंतर उठत नाही, किंवा चार-पाचदा बटण दाबल्यावर उठतं, तर बहुधा एसएमपीएसच्या स्टँडबाय सर्किटमधला (जांभळ्या वायरीचे ५ व्होल्ट देणाऱ्या भागातला) कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा छोटा भाग, सुकलाय. पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. अशा वेळी प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा प्लग काढून पाहा. आता पंखा फिरत राहिला तर बोर्डाचा प्रोसेसरला वीज देणारा भाग किंवा प्रोसेसर शॉर्ट आहे. तिथल्या कपॅसिटरची टोपी फुगलीय का, तेही बघा. २००० च्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांत खराब कपॅसिटर बसले होते. सोल्डरिंगचा हात चांगला असलेला कारागीर ते बदलून देतो, तेव्हा तोही बोर्ड लगेच टाकायची गरज नसते.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, हा प्रकार वेगळा. तिथे आधी रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरने पुसा.

नवा एसएमपीएस घेताना २० पिनांच्या जुन्या बोर्डाची काळजी नको. बऱ्याच २४ पिनी कनेक्टरचा चार पिनांचा तुकडा वेगळा होतो. ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये मात्र कधी सहा, कधी दहा पिनांचे स्वतंत्र कनेक्टर असतात आणि डब्याचा आकारही निराळा असतो. तिथे जुना एसएमपीएस काढून दुकानात सोबत न्यावा.