ऑपरेशनची तारीख ठरली? मधल्या दिवसांत काय करायचं

तारीख मिळाली की घरातले सगळे म्हणायला लागतात, ‘आता दगदग नको, पडून राहा.’ त्यामागे माया असते, हे आम्हाला कळतं. पण ऑपरेशननंतर रुग्णांना घरी जाऊन उठवण्या-चालवण्याचं काम आम्ही रोज करतो, आणि या आरामाचं देणं नंतर फेडावं लागतं हे डोळ्यांनी पाहतो. रोज थोडं चालत राहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून पाय जमिनीवर टेकवतो. तेच ऑपरेशन झालेला, पण आधीचे पंधरा दिवस पडून काढलेला माणूस कुशीवर वळतानाच दमतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीही आम्ही घरी येऊन तयारी करून घेतो.

‘फिटनेस मिळालाय, मग आणखी काय करायचं?’ असं पुष्कळ जण विचारतात. फिटनेस मिळाला याचा अर्थ भूल देता येईल. त्यानंतर किती दिवसांत उभे राहाल, जखम वेळेवर भरेल का, छातीत कफ साठेल का, हे बरंचसं तुम्ही ऑपरेशनला जाताना कसे आहात यावर ठरतं. सर्जनचा हात कितीही चांगला असला तरी ही बाजू तुमची आहे.

जखम भरायला आणि जंतूंशी लढायला शरीर स्वतःच्या स्नायूंमधली प्रथिनं मोडून वापरतं. म्हणजे स्नायू ही तुमची शिल्लक. त्यात पडून राहिल्याने ती आणखी घटते. एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतले जवळपास १ किलो स्नायू गेले. त्यांना ना आजार होता, ना ऑपरेशन झालं होतं. ही गोष्ट नवी नाही. १९३६ साली हायरम स्टडली या अमेरिकन सर्जनने पोटाच्या अल्सरचे आपले रुग्ण तपासले. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले ३३ टक्के दगावले होते. इतरांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होतं. आज भूल, औषधं, अतिदक्षता सगळं बदललं आहे, त्यामुळे हे आकडे आजचे म्हणून वाचू नका. पण न ठरवता सहा महिन्यांत तुमचं वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर ‘बरं झालं, बारीक झालो’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. अंगाने भरलेल्या माणसाचेही स्नायू कमजोर असू शकतात, तेव्हा नुसत्या काट्यावर जाऊ नका.

घरी एक साधी परीक्षा घेता येते. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर पायांत ताकद कमी आहे असं समजा. आमची तयारी बहुतेकदा या उठण्या-बसण्यापासूनच सुरू होते. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा, मग हळूहळू वाढवत न्यायचं.

श्वासाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन झालं की दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो. फुप्फुसांचा खालचा भाग उघडत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ४४१ रुग्ण होते. माहितीपुस्तिका सगळ्यांनाच दिली. निम्म्यांना त्याशिवाय फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनआधी एकदाच, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले आणि शुद्धीवर आल्याबरोबर ते का सुरू करायचे हे समजावलं. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत २७ टक्के जणांना छातीची गुंतागुंत झाली, शिकवलेल्यांत १२ टक्के. म्हणून हे पत्रक वाचून थांबू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचं कसं, हे टाके नसताना दहा वेळा केलेलं असेल तरच टाके असताना जमतं.

तंबाखू आणि सिगारेट आजच बंद करा. चार आठवडे आधी सोडली तर जखमेचा आणि छातीचा त्रास कमी होतो. तेवढे दिवस हातात नसले तरी सोडाच.

हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर कारण शोधायला वेळ लागतो, लोहाच्या गोळ्यांना तर आठवडे लागतात. रिपोर्ट आदल्या दिवशी पाहून काही साधत नाही. मधुमेह असेल तर रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, विचारून घ्या. ब्रिटनमधल्या सूचना ऑपरेशनआधी ती ८.५ टक्क्यांच्या खाली असावी असं सांगतात. साखर चढलेली असली की जखम चिघळायला वेळ लागत नाही.

आता सावधगिरीचं. तातडीचं ऑपरेशन तयारीसाठी थांबवायचं नसतं. कॅन्सरचं ऑपरेशनही ‘आधी ताकद येऊ दे’ म्हणून स्वतःहून पुढे ढकलू नका, आहेत तेवढे दिवस वापरू. काही आजारांत व्यायामाला मनाई असते, म्हणून तुमच्या सर्जनची परवानगी असल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

पहिल्या भेटीला आमचा माणूस तुमच्याकडे सुमारे तासभर थांबतो. फाईल, चष्मा, कानाचं यंत्र आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेवा. जडीबुटीची चूर्णं आणि संपलेल्या पाकिटांचे रिकामे पत्रेसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी किमान ३ दिवस आधी बंद करावी लागते. पण ती चालू आहे हे कुणाला माहीतच नसेल तर सांगणार कोण? पिशवीतलं सगळं आम्ही एका कागदावर उतरवून देतो. तो कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.