आठ दिवस डोंगरात, वर्षभर डोकं शांत?

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘वर्षातून एकदा आठ दिवस डोंगरात जाऊन या, वर्षभराचा ताण उतरतो.’

यात अर्धं खरं आहे. सुट्टीत झोप सुधारते, चिडचिड कमी होते. नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून थेट चिखलदऱ्याच्या धुक्यात पोचलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण सुट्ट्यांवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, की हा फायदा परतल्यावर साधारण काही आठवड्यांत विरतो. कारण साधं आहे. ताण साठवून एकदम उपसता येत नाही. तो रोज तयार होतो, म्हणून रोजच उतरावा लागतो. शिवाय आराम जागेपेक्षा कामापासून मन सुटण्यानं जास्त मिळतो. धुक्यात बसून मेल बघत राहिलात तर पैसे गेले ते पेट्रोलचे.

पडताळणी घरीच करा. निघण्याआधी आठवडाभर झोपेला आणि मूडला रोज दहापैकी गुण द्या, परतल्यावर महिनाभर तेच चालू ठेवा. आकडे कधी खाली येतात ते वहीच सांगेल.

म्हणून सहल रद्द करू नका. फक्त एका मोठ्या सहलीवर सगळी भिस्त नको. नागपूरहून रामटेक जेमतेम ५० किलोमीटर, सेमिनरी हिल्स तर गावातच. (मे महिन्यात मात्र पहाटेच जा!) आणि उदासी किंवा झोपमोड दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तिकिटाआधी डॉक्टरांची वेळ घ्या.