साडेसहा दुपटींचा देश

मे 2025 मध्ये निती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं की भारताने जपानला मागे टाकलं, आपली अर्थव्यवस्था आता जगात चौथी. त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, टाकलं की जपानला मागं!" मी सांगलीच्या विश्रामबागेत चहाला थांबलो होतो. म्हटलं, "टाकलं की. आता भागून बघ." चार लाख कोटी डॉलर भागिले 145 कोटी माणसं, म्हणजे माणशी साधारण पावणेतीन हजार डॉलर. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आत, तिथे हाच आकडा 33 हजारांच्या पुढे जातो. भाचा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुम्ही पण ना मामा."

हा चार लाख कोटींचा आकडा म्हणजे आपला जीडीपी, आणि तो काही खोटा नव्हे. वर्षभरात देशात जेवढं नवं उत्पादन झालं, त्याची ती किंमत. फक्त त्याला विचारू नये ते विचारलं की गडबड होते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा फ्रिज, कपाट, पुस्तकांचे दोन खण पाण्यात गेले. जीडीपीतून त्यातलं काहीच वजा झालं नाही, कारण तो वर्षाचं उत्पादन मोजतो, घरात साठलेली चीजवस्तू नाही. पाणी उतरल्यावर मात्र चिखल काढायची मजुरी, नवा फ्रिज, भिंतींचा रंग, सगळं त्यात जमा झालं. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ज्यांनी बसवून दिला, त्या सायमन कुझनेट्स यांनी 1934 सालीच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या सुखाचा अंदाज बांधू नका.

मग 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी, अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन, मानव विकास निर्देशांक आणला. त्यात तीन गोष्टी आहेत: माणूस किती वर्षं जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालात भारताचा निर्देशांक 0.685 आहे, 193 देशांत 130 वा क्रमांक. वर्तमानपत्रं क्रमांक छापून मोकळी होतात. मला मात्र तो 0.685 तयार कसा होतो याचंच वेड आहे.

आयुष्याचं सोपं आहे. 20 वर्षं म्हणजे शून्य गुण, 85 म्हणजे पूर्ण एक. आपलं सरासरी आयुर्मान 72, म्हणून 52 भागिले 65, म्हणजे 0.8. शिक्षणात दोन आकडे असतात. आज शाळेत पाऊल टाकणारं मूल किती वर्षं शिकेल असा अंदाज (आपला सुमारे 13, कमाल 18), आणि पंचविशीपुढची माणसं प्रत्यक्षात किती वर्षं शिकलीत (आपली 6.88, कमाल 15). दोन्ही गुणांची सरासरी 0.589.

खरी गंमत उत्पन्नात. इथे माणशी उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने घेतात, कारण सांगलीत एका डॉलरच्या रुपयांत जेवढे कप चहा मिळतो तेवढा टोकियोत मिळणार नाही. तसं मोजल्यावर आपलं उत्पन्न 9,047 डॉलर येतं. खालची हद्द 100 डॉलर, वरची 75,000. सरळ भागाकार केला तर आपल्याला 0.12 च्या आसपास गुण मिळतील. तसं करत नाहीत, लॉगरिथम लावतात. बारावीची लॉग टेबलं आठवून दचकू नका, नुसत्या दुपटी मोजा. 100 चे 200, 400, 800, 1,600, 3,200, 6,400: सहा दुपटी झाल्या, आणि 9,047 पर्यंत आणखी जवळजवळ अर्धी. 75,000 ला पोहोचायला साडेनऊच्या किंचित वर दुपटी लागतात. 6.5 भागिले 9.55, म्हणजे 0.68.

दुपटीच का? द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बाईची मजुरी 300 ची 600 झाली तर तिच्या घरात दूध येतं, पोराची फी भरली जाते. तेवढेच 300 रुपये बागाईतदाराच्या हिशेबात कुठे गेले ते त्यालाही आठवत नाही. म्हणून रुपयाची वाढ न मोजता पटीची वाढ मोजायची. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या गोष्टी ऐकतच आमच्याकडची पिढी वाढली, त्यामुळे "किती रिश्टर?" हा प्रश्न इथे कुणालाही नवा नाही. तिथेही हीच युक्ती आहे, एक अंक वर गेला की हादऱ्याचा झोका दहापट.

आता 0.8, 0.589 आणि 0.68 एकत्र कसे करायचे? 2010 च्या आधी बेरीज करून तीनने भागत. त्या वर्षापासून गुणाकार करून घनमूळ काढू लागले. याला भूमितीय मध्य म्हणतात, पण मी त्याला द्राक्षाची पेटी म्हणतो. पेटीत माल किती बसेल हे लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकारावर ठरतं. लांबी 0.9, रुंदी 0.9 आणि उंची फक्त 0.1 असेल तर बेरजेची सरासरी 0.63 म्हणते, पेटी म्हणते 0.43. चपटी पेटी लांबरुंद असून उपयोग काय? आपल्या तीन आकड्यांचा गुणाकार 0.32, त्याचं घनमूळ 0.685. कॅल्क्युलेटरवर हा आकडा पहिल्यांदा उमटला तेव्हा मला जो आनंद झाला, तो बायकोला आजतागायत समजावून सांगता आलेला नाही.

एका वाहिनीवर हल्ली रुपयाच्या भावालाही गुरूची दृष्टी लावणारे एक ज्योतिषी येतात. त्यांनी हे घनमूळ एकदा काढून दाखवावं, मग ग्रहांचं बघू. "महासत्ता" हा शब्द जाहिरातीसारखा वापरणाऱ्यांचं गणितही फार वेगळं नसतं.

या निर्देशांकालाही खोट आहेच. सरासरीत विषमता लपते. ती हिशेबात धरली की आपला 0.685 तीस टक्क्यांहून जास्त घसरून 0.475 वर येतो. स्वच्छ हवा, वेळेवर येणारं नळाचं पाणी, यांना तर त्यात जागाच नाही.

भाच्याला मी शेवटी एक गणित घातलं. सगळ्या देशाचं उत्पन्न दुप्पट झालं, बाकी सगळं होतं तसंच राहिलं, तर निर्देशांक किती? त्याने मोबाईलवर काढलं: 0.718. आता उत्पन्न आहे तेवढंच ठेव, फक्त ती 6.88 वर्षं 10 कर. उत्तर आलं 0.723. त्याने दोनदा तपासून पाहिलं.

"मग शाळाच काढा की भराभर," तो म्हणाला. पण या आकड्यात पंचविशीपुढचेच मोजतात, आणि चाळिशीतली माणसं परत वर्गात बसत नाहीत. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी चौथी शिकलेल्या. त्यांची नात यंदा दहावीला आहे. ती या सरासरीत शिरायला अजून दहा वर्षं आहेत.